अथेन्सकरांची हद्दपारी

अथेन्सकर सर अथेन्सला कधीच गेले नव्हते. पण तिथल्या मासळीबाजारातला गलका आपल्याला सहन होत नाही, असं ते कपाळाला आठ्या घालून सांगत. "आमच्याकडे मासेवाले फार उर्मट," म्हणायचे. "भाव विचारला तर अर्धा आकडा तोंडातच गिळतात." हे 'आमच्याकडे' म्हणजे मिरजेकडे नव्हे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सकडे. स्वतः सर पक्के शाकाहारी. तरी सिंगापुरातल्या बेडोकच्या बाजारात गेले की मासळीच्या ओट्यासमोर मुद्दाम थांबत, कोळंबीवरून हुज्जत घालणाऱ्या चिनी आजीबाईंकडे बघत आणि गावचं कोणी भेटल्यासारखी समाधानाने मान हलवत.

त्यांचं खरं आडनाव दुसरंच होतं. ते त्यांच्या मुलाच्या, निरंजनच्या, दारावर लिहिलेलं होतं आणि तिथेच राहिलं. आम्ही सगळे त्यांना अथेन्सकर म्हणायचो, आणि हे त्यांना कळलं तेव्हा ते रागावण्याऐवजी खुलले. मिरजेच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. प्राचीन ग्रीसचा पेपर त्यांचा. पुढे अभ्यासक्रमातून तो पेपर गेला, पण सरांच्या डोक्यातून गेला नाही. बायको वारल्यावर निरंजनने त्यांना सिंगापूरला आणलं. निरंजन इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता, त्याच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, वडिलांचा व्हिजिट पास. आल्याच्या पहिल्याच रविवारी सर आमच्या मंडळात हजर झाले.

आमचं मंडळ म्हणजे बेडोक आणि आसपासची मराठी घरं. रविवारी सकाळी एका ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, आम्ही जमतो. कोणी पोहे आणतं, कोणी थर्मासमधून चहा. गणपती, दिवाळी, कोणाच्या आईवडिलांसाठी डॉक्टर, मुलांची मराठी, असल्या विषयांवर चर्चा व्हायची असते. प्रत्यक्षात पोहे होतात. सरांना हे बघवेना. "आमच्याकडेही हेच," ते म्हणाले. "सभा टेकडीवर, आणि लोक खाली बाजारात चकाट्या पिटत बसलेले. मग काय करायचे माहीत आहे? ओल्या लाल रंगात भिजवलेली दोरी दोन बाजूंनी धरून सगळा बाजार झाडत आणायचे. ज्याच्या कपड्याला रंग लागेल त्याला दंड."

पुढच्या रविवारी सरांनी कपडे वाळत घालायची दोरी कुंकवाच्या पाण्यात बुचकळून आणली. दुसरं टोक निरंजनच्या हातात. बिचारा तो, ऑफिसात पन्नास माणसांवर हुकूम चालवणारा माणूस, मान खाली घालून बापामागून दोरी ओढत चालला होता. सगळ्यांनी पोह्यांच्या बश्या उचलून धूम ठोकली. फक्त कुलथे, नुकताच पुण्याहून आलेला आणि पांढराशुभ्र झब्बा घालून मिरवणारा, "एक मिनिट, सर, एवढा घास," म्हणत राहिला आणि पाठीवर लाल पट्टा घेऊन उठला. दंड म्हणून त्याने सगळ्यांना चहा वाढला. माझी मुलगी हे बघून म्हणाली, "आई, धिस अंकल सीरियस, आह?" मी म्हटलं, पूर्ण सीरियस. त्या दिवशी प्रथमच आमची सभा वेळेवर सुरू झाली आणि, त्याहून आश्चर्य म्हणजे, वेळेवर संपली.

निवडणुकीवर मात्र सरांचा विश्वास नव्हता. "निवडणूक ही मोठ्या तोंडाच्या माणसांची सोय आहे," ते म्हणत. "आमच्याकडे बहुतेक पदं चिठ्ठी टाकून भरायचे. मग सुतारही अधिकारी व्हायचा, चांभारही व्हायचा." त्यांच्या हट्टाने गणपतीची प्रमुख आम्ही चिठ्ठीने निवडली आणि चिठ्ठी निघाली माझ्या शेजारच्या सुनंदाची. सुनंदा लिफ्टमध्ये चौथं माणूस आलं तरी बोलणं थांबवणारी बाई. ती रडकुंडीला आली. सर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "सुनंदाताई, चुकलं तर चुकलं. वर्षाचाच प्रश्न आहे. एक वर्ष चुकत चुकत शिकलेला माणूस गावाला जन्मभर उपयोगी पडतो." त्या वर्षी आरतीच्या वेळी कापूर नव्हता, वाती नव्हत्या, आणि शेवटी शेजारच्या तमिळ कुटुंबाच्या देवघरातून दोन्ही आणावं लागलं. पण सुनंदाला जी वाचा फुटली ती फुटलीच. आता तिला थांबवायला लाल दोरी लागते.

मी एकदा त्यांना कोंडीत पकडलं होतं. बाजारालगतच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मोकळ्या मंडपात, ते कोपी-ओ पीत बसले होते. त्यांना ती काळी, बिनदुधाची कॉफी का आवडायची देव जाणे. प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायचे. मी विचारलं, "सर, तुमच्या अथेन्समध्ये मला मत असतं का हो?"

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग म्हणाले, "नसतं. मेधाताई, तुम्ही अशा चारचौघांत बसलेल्याही चालल्या नसत्या."

"आणि गुलाम होते म्हणे."

"होते. पुरुष सभेत बसून भाषणं ठोकत, तेव्हा शेतात आणि खाणीत कोण राबत होतं? तेच." त्यांनी कप खाली ठेवला. "गाव आपलं म्हणून त्याची पापं झाकायची नसतात. उलट आपलं म्हणूनच मोजायची." नुसतं बोलत नसत. निरंजनकडे घरकामाला एक इंडोनेशियन मुलगी होती. तिला सर स्वतःचा कप कधी विसळू देत नसत आणि रविवार तिच्या सुट्टीचा म्हणून त्या दिवशीची खिचडी ते स्वतः लावत. खिचडी वाईट असायची, असं निरंजन सांगतो.

या माणसाला रविवारची एवढी ओढ का, हे मला हळूहळू उमगलं. घरी त्यांना काही कमी नव्हतं. पण काही विचारतही नव्हतं कोणी. पडदे कुठल्या रंगाचे, नातवाला कुठली शाळा, सुट्टीत कुठे जायचं, सगळं ठरून मग त्यांच्या कानावर यायचं. मिरजेत त्यांचं मत होतं, पण मतदानासाठी तिकडे जाणं जमत नव्हतं. इथे तर ते पाहुणेच. आयुष्यभर लोकशाही शिकवलेल्या माणसाला हात वर करायला अख्ख्या जगात एकच जागा उरली होती, आणि ती म्हणजे आमचा व्हॉइड डेक. आम्हाला तो विरंगुळा होता. त्यांचं ते गाव होतं.

आणि त्या गावात भांडण लागलं. एका बाजूला फाटक. बँकेतले, इथे वर्षानुवर्षं राहून नागरिक झालेले, मंडळाचा पहिला गणपती ज्यांच्या दिवाणखान्यात बसला ते. दुसऱ्या बाजूला आपला झब्बेवाला कुलथे. फाटकांना गणपती नेहमीसारखा बेडोकच्या छोट्या हॉलमध्ये हवा, कुलथेला पाया लेबार नावाच्या भागात मोठी जागा घेऊन ढोलताशासकट. आधी गणपतीवरून, मग मंडळाच्या नाटकावरून, मग मागे कोण कोणाला काय म्हणालं त्यावरून. फाटकांच्या बाजूची माणसं कुलथेच्या पोह्यांना हात लावेनात. वेगळा गणपती बसवायची भाषा सुरू झाली. मराठी माणसं चार जमली की मंडळं दोन व्हायचीच, असं आम्ही हसून म्हणत होतो, पण हसू काही खरं नव्हतं. सर अस्वस्थ होते. गाव फुटणं म्हणजे काय, ते त्यांनी जन्मभर शिकवलं होतं.

एका रविवारी त्यांनी उपाय मांडला. "आमच्याकडे दोन पुढाऱ्यांचं भांडण गावाच्या मुळावर यायला लागलं की लोक मतदान करायचे. आरोप नाही, खटला नाही. प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या खापरीवर एक नाव लिहायचं. ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा वर्षं गावाबाहेर राहायचं. घर, जमीन, अब्रू, सगळं शाबूत. फक्त दूर राहायचं, म्हणजे डोकी थंड होतात." आपण वर्षावर भागवू, असं ते म्हणाले. फाटकांनी लगेच "हरकत नाही" म्हटलं, कारण कुलथे जाणार याची त्यांना खात्री होती. कुलथेनेही त्याच खात्रीने मान डोलावली.

सर लिटिल इंडियात जाऊन पोंगलसाठी विकतात तसली मातीची दोन मडकी घेऊन आले आणि रविवारी सकाळी व्हॉइड डेकवर टॉवेलात गुंडाळून त्यांनी ती फोडली. झाडलोट करणाऱ्या आंटी धावत आल्या. "अंकल! न्यू पॉट, व्हाय यू ब्रेक? आफ्टर आय मस्ट स्वीप, यू नो!" सरांनी त्यांची माफी मागितली, स्वतः झाडून देईन असं कबूल केलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने प्रत्येकाच्या हातात एकेक खापरी आणि मार्कर दिला.

आता आमची जात सांगायला हवी. आम्ही पाठीमागे वाटेल ते बोलू, पण कोणाचं नाव लिहून देणं आमच्याच्याने होत नाही. भीड पडते. फाटकांनी एकाच्या जावयाला नोकरी लावलेली, कुलथेची बायको दुसऱ्याच्या मुलीला गणित शिकवणारी. उद्या लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर हीच तोंडं बघायची. मग ज्याचं नाव लिहिलं तर कोणाला राग येणार नाही, वाईट वाटणार नाही, उलट सगळे हसतील, असं एकच नाव प्रत्येकाला एकट्याने, मनातल्या मनात सुचलं.

खापऱ्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. पहिली उचलली. 'अथेन्सकर'. हशा पिकला, सरही हसले. दुसरी, 'सर'. पुन्हा हशा. तिसरीवरही तेच, चौथीवरही. मग हसू विरळ होत गेलं आणि पुढे पुढे तर मला नाव वाचवेना. मी स्वतः फाटकांचं नाव लिहिलं होतं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण माझ्यासारखे फारच थोडे निघाले. बाकी सगळ्यांना वाटलं होतं की एक आपलंच मत गमतीचं असेल.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "निकाल स्पष्ट आहे," ते म्हणाले.

"अहो सर, गंमत केली सगळ्यांनी," फाटक कसनुसं हसत म्हणाले.

"गमतीने दिलं तरी मत ते मतच, फाटकसाहेब." मग त्यांनी केरसुणी मागून घेतली, कबूल केल्याप्रमाणे सगळी माती झाडली आणि कोणाकडेही न बघता घरी गेले.

आम्हाला वाटलं, पुढच्या रविवारी येतील. नाही आले. त्यांनी स्वतःच स्वतःची हद्द आखून घेतली होती. आमचा ब्लॉक, समोरचं खेळाचं मैदान आणि बसस्टॉप तिच्या आत, म्हणजे त्यांना बंद. त्यामुळे ते उन्हातून लांबच्या स्टॉपवर चालत जात. फोन केला तर छान बोलत, पण मंडळाचा विषय काढला की "ते आता मी ऐकणं बरोबर नाही" म्हणून थांबवत. एकदा निरंजन मला म्हणाला, "मेधा, बाबा रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात गं. तासाभराने उठून बदलतात."

मी त्यांना गाठलं ते हॉकर सेंटरमध्येच. वाळले होते. समोर तीच कॉफी, पण तोंड वाकडं करण्याइतकाही उत्साह नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "फाटक आणि कुलथे बोलतात का एकमेकांशी?"

"बोलतात. दोघांनाही लाज वाटते, त्यामुळे बोलतात. गणपती एकच बसणार आहे."

"मग उपाय लागू पडला म्हणायचा," सर म्हणाले. औषध आपल्यालाच प्यावं लागलं, याची तक्रार त्यांच्या आवाजात कुठेही नव्हती. मला मात्र रडू आलं आणि त्यांचा रागही आला. मी म्हटलं, "सर, हद्दपार माणसाला परत आणायची काही तरी रीत असेलच ना तुमच्याकडे?"

"असेलही. पण बाहेर काढलेल्या माणसाने सभेला सल्ला द्यायचा नसतो."

मग मीच शोधलं. रीत होती. शत्रू चालून आला तेव्हा अथेन्सच्या सभेने ठराव करून बाहेर काढलेल्या माणसांना परत बोलावलं होतं. आमच्यावर कोणी चालून येत नव्हतं, पण ठराव तर करता येत होता. त्या रविवारची सभा मी विसरणार नाही. एकाच्याही हातात बशी नव्हती. अध्यक्ष चिठ्ठीने काढला आणि चिठ्ठी पुन्हा सुनंदाचीच निघाली. सुनंदाने उभं राहून, सर विचारायचे तसं विचारलं, "कोणाला बोलायचं आहे?" आणि फाटक उठले. "मी कुलथेचं नाव लिहिणार होतो," ते म्हणाले. "वाईट दिसेल म्हणून सरांचं लिहिलं." कुलथे म्हणाला, "सेम." ठराव फाटकांनी मांडला, अनुमोदन कुलथेने दिलं आणि सगळे हात वर गेले. एरवी पळून जाणाऱ्या आमच्या मुलांनीही हात वर केले. त्यांचे मोजायचे की नाही यावर चर्चा झाली आणि मोजायचे ठरलं.

ठराव घेऊन फाटक, कुलथे आणि मी असे तिघं सरांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी आम्हाला आतही बोलावलं नाही. "गणसंख्या होती?" "होती." "अध्यक्ष?" "चिठ्ठीने." "विरोधात बोलायची संधी दिली होती?" "दिली होती, सर. कोणी बोललं नाही." त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "थांबा, शर्ट बदलून येतो."

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हद्दपारीचं कलम रद्द करायचं. "चूक माझी," ते सभेत म्हणाले. "आमच्याकडेही एकदा हेच झालं होतं. भांडण दोन बड्यांचं, आणि बाहेर गेला तिसराच. लोक आधी हसले, मग ओशाळले, आणि त्यांनी ती पद्धत पुन्हा कधी वापरली नाही. हे मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण जन्मभर फळ्यावर काढलेल्या खापऱ्या मला एकदा खऱ्या हातात बघायच्या होत्या." त्या वर्षीचा गणपती एकच होता. ढोल होता, ताशा नव्हता. ही तडजोड घडवायला सर एक अख्खी सकाळ बोलले आणि आम्ही ती ऐकून घेतली.

पुढच्या वर्षी निरंजनच्या कंपनीने त्याचा सगळा विभागच बंद केला. त्याने खूप धडपड केली, रोज कुठे ना कुठे मुलाखत देत होता, पण मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही. त्याचा पास संपला म्हणजे बायकोमुलाचा संपला, आणि सरांचाही. आम्ही पुन्हा सभा बोलावली होती खरी, पण त्या सभेत ठराव करण्यासारखं काहीच नव्हतं. फ्लॅट आवरायला सगळे गेले. फाटकांनी खोकी बांधली, कुलथेने ती खाली उतरवली. सर एका खुर्चीवर बसून होते.

चांगी विमानतळावर त्यांना पोचवायला आम्ही जवळजवळ सगळेच गेलो. आत जायची वेळ झाली. फाटक तसे कडक गृहस्थ, पण तेच पुढे झाले. सरांचा हात धरून ते म्हणाले, "सर, ही तुमची दुसरी हद्दपारी हो."

"छे, छे," सर म्हणाले. चूक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला सावरून घ्यावं तसे म्हणाले. "हद्दपार फक्त नागरिकाला करतात, फाटकसाहेब. परगावच्या माणसासाठी आमच्याकडे कोणी खापऱ्या फोडत नसे. त्याचं काम संपलं की तो निघायचा, तसे आम्ही निघालो. यात कोणाचा दोष नाही." निरंजन ट्रॉली घेऊन पुढे गेला होता. सर दोन पावलं त्याच्या मागे गेले आणि वळले. "तुम्ही मात्र मला हद्दपार केलंत," ते म्हणाले. "तेवढं हक्काचं मला दुसऱ्या कोणी मानलं नव्हतं."